बालहक्कांचा हिशोब सरकार कुणाला देतं? आणि त्यात न मोजलेली मुलं कुठे जातात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या म्हणजे एनसीआरबीच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली देशभरात १,०५० गुन्हे नोंदवले गेले. एवढ्या मोठ्या देशात वर्षाला हजारभर. वाचून बरं वाटावं असा आकडा आहे.

आता दुसरा आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, २० ते २४ वयाच्या महिलांना लग्न कधी झालं हे विचारलं गेलं. देशभरात त्यातल्या २३.३ टक्के जणींचं लग्न वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याआधीच झालेलं होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण २१.९ टक्के, म्हणजे साधारण पाचातली एक. बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत तर राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट.

हे दोन आकडे थेट एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत, हे मान्य. पहिला एका वर्षात पोलिसांपर्यंत काय पोचलं ते सांगतो, दुसरा गेल्या काही वर्षांत घराघरात काय घडलं ते. तरीही दरवर्षी लाखोंच्या घरात होणारी लग्नं आणि हजारभर गुन्हे, हे अंतर कुठल्याही गणिताने भरून निघत नाही. आणि गंमत म्हणजे दोन्ही आकडे सरकारीच आहेत.

मग समजा, भारतात बालविवाहाची स्थिती काय आहे हे तुम्हाला जगासमोर सांगायचंय. यातला कुठला आकडा सांगाल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. भारत सरकारला असा हिशोब खरोखरच द्यावा लागतो. लेखी, आणि त्यानंतर समोरासमोर बसून.

मुळात वचन काय दिलंय?

२० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्क करार मंजूर केला. मराठीत त्याला बालहक्क संहिता असंही म्हणतात. एकूण ५४ कलमं. १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्या मुलाला जगण्याचा, शिकण्याचा, शोषणापासून संरक्षणाचा आणि स्वतःचं मत मांडण्याचा हक्क आहे, असा त्याचा गाभा. आज १९६ पक्षांनी हा करार स्वीकारलाय. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण अजून तो मंजूर केलेला नाही. (मानवी हक्कांवरून जगाला उपदेश करणाऱ्या देशाबद्दलची ही माहिती क्विझमध्ये हमखास विचारली जाते.)

भारताने ११ डिसेंबर १९९२ ला करार स्वीकारला, पण एक अट घालून. कलम ३२ बालमजुरीबद्दल आहे. त्यावर भारताने सांगितलं की प्रत्येक क्षेत्रात कामाचं किमान वय लगेच ठरवणं आम्हाला शक्य नाही, आम्ही ते टप्प्याटप्प्याने करू. हे ‘टप्प्याटप्प्याने’ पुढे दर सुनावणीत भारताची पाठ धरणार होतं.

करारातलं कलम ४४ आपल्या विषयाचं. करार लागू झाल्यावर दोन वर्षांत पहिला अहवाल द्यायचा आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी एक. त्याच कलमाचं सहावं पोटकलम फारसं कुणी वाचत नाही. ते म्हणतं की हे अहवाल सरकारने आपापल्या देशातल्या लोकांना सहज मिळतील असे ठेवायचे. म्हणजे हा हिशोब फक्त जिनिव्हाला द्यायचा नाही, तुम्हाआम्हालाही द्यायचाय.

जिनिव्हात नेमकं काय होतं?

जिनिव्हात बालहक्क समिती बसते. तिच्यात वेगवेगळ्या देशांतले १८ तज्ज्ञ असतात. करार मान्य केलेले देश त्यांना निवडून देतात, पण ते तिथे आपल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत.

सरकार अहवाल पाठवतं. त्याला शब्दमर्यादा आहे. २०१४ पासून नियमित अहवाल २१,२०० शब्दांत बसवावा लागतो, देश भारताएवढा असो नाहीतर मालदीवएवढा. त्यातून आपल्याकडचे अहवाल कसे दिसतात याचा अंदाज येतो: अमुक कायदा केला, तमुक योजना आणली, अमुक समिती नेमली. मुलाचं काय झालं, हे शोधावं लागतं.

पण समिती फक्त सरकारचंच ऐकत नाही. युनिसेफ आणि स्वयंसेवी संस्था स्वतःचे अहवाल पाठवू शकतात. त्यांना ‘पर्यायी अहवाल’ म्हणतात. मुलांचे गटही पाठवू शकतात. खरी धार इथून येते. सरकार लिहितं की शाळेत शिक्षा करायला कायद्याने बंदी आहे, आणि पर्यायी अहवाल सांगतो की अमुक राज्यात मुलांना विचारलं तर ती वेगळंच सांगतात. मग समिती सरकारला प्रश्नांची यादी पाठवते, सरकार लेखी उत्तरं देतं आणि शेवटी शिष्टमंडळाला समोर बसवून दोन बैठकांत मिळून साधारण सहा तास प्रश्नोत्तरं होतात. हल्ली ही सुनावणी ऑनलाइन पाहता येते. ज्यांना संसदेतली चर्चा कंटाळवाणी वाटते त्यांना हीसुद्धा वाटेल, हे आधीच सांगतो. पण ‘हा आकडा कुठल्या वर्षाचा?’ असं कुणी विचारलं की अधिकाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

यानंतर समिती आपली निरीक्षणं आणि शिफारशी जाहीर करते. आणि चक्र पुन्हा सुरू.

भारताचं पुस्तक काय सांगतं?

भारताचा पहिला अहवाल १९९७ मध्ये गेला, सुनावणी जानेवारी २००० ला झाली. दुसरा २००१ चा, सुनावणी जानेवारी २००४ ला. तिसरा आणि चौथा अहवाल एकत्र करून २०११ मध्ये दिला गेला आणि त्यावर सुनावणी झाली जून २०१४ च्या सुरुवातीला. पाच वर्षांचा नियम कसा पाळला गेला ते तुम्हीच मोजा. यात भारत एकटा नाही. अहवाल उशिरा देणं आणि दोन अहवाल जोडून देणं ही अनेक देशांची सवय आहे.

२०१४ च्या सुनावणीत एक मजेशीर योगायोग होता. नवं केंद्र सरकार येऊन जेमतेम आठवडा झाला होता. म्हणजे अहवाल लिहिला एका सरकारने आणि तो मांडायची वेळ आली दुसऱ्यावर. पण अशा करारात हे चालून जातं, कारण वचन पक्षाने दिलेलं नसतं, देशाने दिलेलं असतं. ‘ते आधीच्यांच्या काळातलं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

समितीने तेव्हा कौतुकही केलं. शिक्षण हक्क कायदा आणि पॉक्सो कायदा या काळातले. पण बालमजुरीबद्दलची ती १९९२ ची अट मागे घ्या, ही सूचना २००० मध्येही होती, २००४ मध्येही आणि २०१४ मध्येही. दुसरी पुन्हा पुन्हा येणारी तक्रार आकडेवारीची: मुलांची माहिती वय, लिंग, जात, जमात, अपंगत्व, ठिकाण अशी वेगवेगळी करून मिळत नाही. वरवर पाहता ही कारकुनी तक्रार वाटते. तशी ती नाही, ते पुढे बघूच.

सूचनांचा काहीच परिणाम होत नाही असंही नाही. २०१६ मध्ये बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर बंदी आली. पुढे १३ जून २०१७ ला भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे बालमजुरीबद्दलचे १३८ आणि १८२ क्रमांकाचे करारही मंजूर केले. मात्र दुरुस्तीत एक दार उघडं राहिलं. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्या कामात, घरच्या धंद्यात मदत करू शकतं, काम धोकादायक नसलं म्हणजे झालं. ऐकायला अगदी साधं आणि आपल्याकडच्या घरांना पटेल असं. अडचण अशी की घराच्या आत इन्स्पेक्टर जात नाही.

दिल्ली लिहिते, पण काम कुणाचं?

अहवाल लिहायची जबाबदारी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची. पण पोलीस राज्याचे, आरोग्य राज्याचं, शाळा मुख्यतः राज्य चालवतं, अंगणवाडी गावात. म्हणजे जिनिव्हात जे सांगायचं ते खरं की खोटं, हे एखाद्या तालुक्यात ठरतं. दिल्ली राज्याकडे माहिती मागते, राज्य जिल्ह्याकडे, जिल्हा तालुक्याकडे आणि तालुका मुख्याध्यापकांकडे किंवा ग्रामसेवकांकडे. शेवटी कुणीतरी एक माणूस संध्याकाळी पाच वाजता एका तक्त्यात आकडा भरत असतो.

शिवाय भारतात आंतरराष्ट्रीय करार मान्य केला म्हणून तो आपोआप कायदा होत नाही. संसदेला कायदा करावा लागतो. पॉक्सो कायद्याच्या प्रस्तावनेत ११ डिसेंबर १९९२ च्या त्या स्वीकाराचा स्पष्ट उल्लेख आहे. देखरेखीसाठी २००५ च्या कायद्याने बालहक्क आयोग आले: राष्ट्रीय आयोग २००७ पासून, आणि प्रत्येक राज्यात एक. पण आयोगच रिकामे असले तर? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर २०१८ मध्ये निकाल आला आणि बालहक्क आयोग, बाल न्याय मंडळं, बालकल्याण समित्या यांतल्या रिक्त जागा भरा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. याचिका आली तेव्हा जन्मलेलं मूल निकाल लागला तेव्हा तेरा वर्षांचं झालं होतं.

महाराष्ट्रातलं अलीकडचं उदाहरण तुमच्या फीडवरही येऊन गेलं असेल. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांना पहिलीच्या वर्गात, किंवा पूर्वप्राथमिक असेल तर तिथे, २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. शहरांत एक किलोमीटरमध्ये अशी शाळा नसेल असे भाग किती असतील? पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला न्यायालयाने तो बदल रद्दच केला. मूळ कायदा तसाच होता, वचनही तसंच होतं. फक्त राजपत्रातल्या एका नियमाने हजारो मुलांच्या प्रवेशाचा रस्ता बंद झाला होता. जिनिव्हाच्या अहवालात मात्र ‘आमच्याकडे २५ टक्के आरक्षण आहे’ हे वाक्य त्या काळातही खरंच ठरलं असतं.

उसाच्या फडातलं मूल कुठल्या रकान्यात?

आता आकडेवारीच्या त्या ‘कारकुनी’ तक्रारीकडे येऊ.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. परत येतात साधारण मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचं वर्ष सुरू होतं जूनमध्ये. म्हणजे मुलाचं नाव गावच्या पटावर असतं, पहिले काही महिने ते हजरही असतं, आणि मग ऐन वर्षाच्या मध्यावर ते फडावरच्या कोपीत राहायला जातं. तिथे धाकट्या भावंडाला सांभाळणं, पाणी आणणं, वाढं गोळा करणं, थोडं मोठं असेल तर मोळ्या बांधू लागणं हे सगळं आलं.

हे मूल बालमजूर आहे का? त्याला कुणी कामावर ठेवलेलं नाही. उचल आईवडिलांच्या नावावर, हिशोब टनावर. मुकादमाच्या वहीत मूल नाही. मूल शाळाबाह्य आहे का? पटावर तर नाव आहे. स्थलांतरित आहे का? गावच्या यादीत आहे की नाही हे गावावर अवलंबून, आणि जिथे गेलंय तिथल्या शाळेला ते आल्याचा पत्ताच नसतो.

४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचं राज्यव्यापी सर्वेक्षण झालं, एकाच दिवसात. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची, म्हणजे दोनदा मोजलं जाणार नाही. कल्पना वाईट नव्हती. पण तारीख बघा. जुलैमध्ये ऊसतोड कामगाराचं मूल गावातच असतं, कदाचित वर्गातही असतं. त्या दिवशी त्याला मोजलं तर ते ‘शाळेत’ आहे. तेच मूल डिसेंबरात मोजलं असतं तर ते तीनशे किलोमीटर दूर असतं. कुणी खोटं लिहिण्याचीही गरज नाही. फक्त तारीख निवडली की मूल गायब होतं.

राज्याने यावर काही केलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. आधी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा होत्या. नंतर भर गावातच हंगामी वसतिगृहं चालवण्यावर आला, म्हणजे आईवडील गेले तरी मूल गावात राहील आणि शाळा सुटणार नाही. जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आलं. ते दाखवलं की नव्या ठिकाणच्या शाळेने दाखल करून घ्यायचं. कागदावर ही साखळी चांगली आहे. ती तुटते मधल्या दुव्यावर. वसतिगृह दिवाळीनंतर सुरू झालं तर कुटुंब तोवर निघून गेलेलं असतं. आणि कार्ड दिलं गेलं याची नोंद होते, पण ते पलीकडच्या शाळेत चाललं का, याची नोंद कोण करणार, हे कुणाचंच काम नसतं.

आणि तिथूनच बालविवाहाकडे

सुरुवातीच्या दोन आकड्यांचं कोडंही याच फडात थोडं उलगडतं. ऊसतोडीत एक ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. एकट्या तरुणाला अर्धा कोयता म्हणतात. मग लग्न हे कमाईचंही गणित होतं. शिवाय सहा महिने वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची ही आईबापांची भीती खरी असते. तिला ‘अज्ञान’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

हे लग्न थांबवायचं कुणी? महाराष्ट्रात ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो ग्रामसेवक, आणि त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका. ग्रामसेवकाला त्याच गावात वसुली करायची असते, ग्रामसभा चालवायची असते. सेविका तर त्याच गावची. ज्या मांडवात तिला जेवायचं आमंत्रण आहे त्याच मांडवात तिने पोलीस बोलवायचे. काही सेविका तेही करतात, आणि नंतर वर्षभर गावाचा अबोला सोसतात.

त्यात मोजणीची उलटी चाल आहे. ज्या जिल्ह्यात बालविवाहाचे गुन्हे जास्त नोंदले जातात तो जिल्हा बातमीत ‘बालविवाहात आघाडीवर’ म्हणून येतो. जिथे कुणी नोंदवतच नाही तो जिल्हा चांगला दिसतो. त्यामुळे एनसीआरबीचा आकडा वाढला तर ती वाईट बातमीच असेल असं नाही; यंत्रणा जागी झाली असाही त्याचा अर्थ असू शकतो. आम्ही बातमीदारही इथे चुकीचे मथळे देऊन हातभार लावतो.

सरकारने ऐकलंच नाही तर?

शिक्षा नाही. समिती दंड करू शकत नाही, निर्बंध लावू शकत नाही. तिच्याकडे शब्द आहेत, आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची चिकाटी.

काही देशांनी यावर तोडगा म्हणून करार थेट आपल्या कायद्यात घेतला. नॉर्वेने २००३ मध्ये, स्वीडनने १ जानेवारी २०२० पासून, स्कॉटलंडने जुलै २०२४ पासून. तिथे मुलाच्या बाजूने न्यायालयात जाताना कराराचं कलमच दाखवता येतं. आपल्याकडे हे काम न्यायाधीश वाट काढून करतात. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १५ ते १८ वयाच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार मानला. तोवर कायद्यात नवऱ्याला तिथे सूट होती. त्या निकालात बालहक्क कराराचाही आधार घेतला गेला.

आणखी एक वाट आहे. कराराला जोडलेल्या तिसऱ्या पूरक करारानुसार देशात सगळे उपाय करून झाल्यावर मूल थेट समितीकडे तक्रार करू शकतं. तो एप्रिल २०१४ पासून लागू आहे, भारत त्यात नाही. याचा एक अजब परिणाम २०१९ मध्ये दिसला. हवामान बदलाबद्दल ग्रेटा थुनबर्गसह १६ मुलांनी समितीकडे तक्रार केली. त्यात उत्तराखंडची एक मुलगीही होती. तक्रार होती जर्मनी, फ्रान्स, ब्राझील, अर्जेंटिना आणि तुर्कस्तान यांच्याविरुद्ध. भारताविरुद्ध ती ही वाट वापरूच शकत नव्हती. २०२१ मध्ये समितीने ती तक्रार, आधी त्या त्या देशातल्या न्यायालयांत जा, असं सांगून दाखल करून घेतली नाही.

मग आपण काय बघायचं?

केंद्रीय अर्थसंकल्पासोबत ‘विवरणपत्र १२’ नावाचा एक कागद असतो. त्यात मुलांसाठीच्या सगळ्या तरतुदी एकत्र दिलेल्या असतात. २०२१-२२ पासून हा वाटा एकूण खर्चाच्या अडीच टक्क्यांच्या आत राहिलाय. अर्थसंकल्पाच्या दिवशी इन्कम टॅक्सच्या स्लॅबवरची मीम्स बघून झाली की हा कागद उघडा. तो इंटरनेटवर असतो आणि दोन मिनिटांत कळतो.

गावाकडचे असाल, आणि गावातून कोयते जात असतील, तर तीन आकडे मागा. गेल्या हंगामात तालुक्यातून किती मुलं आईवडिलांबरोबर गेली? किती शिक्षण हमी कार्डं दिली? आणि त्यातली किती मुलं दुसऱ्या ठिकाणच्या शाळेच्या हजेरीत दिसली? अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, माहिती अधिकाराखाली, दहा रुपये भरून करायचा. उत्तर द्यायची मुदत तीस दिवस. तिसऱ्या आकड्यासमोर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं, तर तोही कागद जपून ठेवा. पर्यायी अहवाल लिहिणाऱ्यांना नेमके तेच कागद हवे असतात.